मासा, माप आणि छायाचित्र

गळाला मोठा मासा लागला की त्याचे छायाचित्र काढण्याची चाल आता जगभर रूढ झाली आहे. कोणत्याही रूढीप्रमाणे तिचेही काही अलिखित नियम आहेत. मासा छातीशी न धरता दोन्ही हात लांब करून तो कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे करावयाचा; म्हणजे माणसापेक्षा मासा भिंगाच्या जवळ येतो आणि प्रत्यक्षात असतो त्याहून मोठा दिसतो. कॅमेरा खालून वर रोखला की हा परिणाम आणखी वाढतो, आणि भिंग रुंद कोनाचे असल्यास बोलावयासच नको. खवले चमकावेत म्हणून मासा पुन्हा पाण्याने ओला करावयाचा, रक्ताचे डाग पुसून घ्यावयाचे आणि बोटे शक्यतो माशाच्या मागे लपवावयाची. कारण बोटे दिसली की पाहणाऱ्याच्या हाती माप येते. मासा हातात न पेलण्याइतका अवजड असेल तर तो दोरखंडाने टांगावयाचा आणि शेजारी एखादे लहान मूल उभे करावयाचे.

यात कोणाची मोठी फसवणूक होते असे नाही. लग्नाच्या छायाचित्रात प्रत्येकजण आपल्या उत्तम कपड्यांत असतो, त्यातलाच हा प्रकार. पाहणाराही मनातल्या मनात चार-दोन किलो वजा करूनच दाद देतो. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये विलासी वर्गावरील आपल्या ग्रंथात अशा विजयचिन्हांची मीमांसा केली होती. पराक्रम लोकांच्या नजरेआड घडला असेल तर त्याला दृश्य पुरावा लागतो, आणि तो पुरावाच पुढे प्रतिष्ठेचे साधन होतो, असा त्या मीमांसेचा मथितार्थ. हौसेने केलेल्या मासेमारीला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. तेथे मासा पोटासाठी लागत नाही, आणि तो पकडला जातो दूर पाण्यात, चार साक्षीदारांच्या अपरोक्ष. पूर्वी श्रीमंत हौशी लोक मासा पेंढा भरून दिवाणखान्यात टांगत. जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा बाजारात आणला आणि पुढे कॅमेरे स्वस्त होत गेले, तेव्हा तोच मान मध्यमवर्गालाही परवडू लागला.

तथापि या निरुपद्रवी हौसेत एक दोष दडलेला आहे, आणि तो हात लांब करण्याच्या युक्तीहून कितीतरी गंभीर आहे. एकेकटे छायाचित्र मासा किती मोठा आहे एवढेच सांगते. तो किती मोठा असावयास हवा होता, हे सांगत नाही. मासा पाच फुटांचा असो वा एक फुटाचा, छायाचित्राची चौकट भरलेलीच दिसते. कॅमेरा थोडा जवळ नेला की झाले. त्यामुळे समुद्रातील मासे लहान होत गेले तरी भिंतीवरील छायाचित्रांत ती उणीव जाणवत नाही. ती जाणवावयाची तर अनेक वर्षांची छायाचित्रे एका ओळीत मांडावी लागतात. अमेरिकेतील की वेस्ट या गावी हा प्रयोग घडला आहे, आणि त्याचे निष्कर्ष अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीही मनन करावेत असे आहेत.

की वेस्टचा धक्का

फ्लॉरिडा राज्याच्या दक्षिण टोकापासून समुद्रात बेटांची एक लांबलचक माळ गेली आहे. की वेस्ट हे त्या माळेच्या टोकाशी वसलेले गाव. १९१२ मध्ये तेथवर आगगाडी पोहोचली. १९३५ च्या चक्रीवादळाने तो लोहमार्ग उद्ध्वस्त केला. १९३८ मध्ये त्याच मार्गाने मोटारींसाठी हमरस्ता खुला झाला. भोवताली प्रवाळांचे खडक आणि त्यांच्या आश्रयाने वाढणारे मोठमोठे मासे, यांमुळे हौशी मासेमारीचे केंद्र म्हणून या गावाची ख्याती झाली. अर्नेस्ट हेमिंग्वे १९३० च्या दशकात येथेच राहत असे. १९३५ साली बिमिनी बेटावर काढलेले त्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. धक्क्यावर चार प्रचंड मार्लिन मासे टांगलेले आहेत, आणि त्यांच्या शेजारी हेमिंग्वे, त्याची पत्नी व तीन मुलगे उभे आहेत. पुढील सर्व हौशी मच्छीमारांनी जणू या छायाचित्राचाच कित्ता गिरवला.

दुसऱ्या महायुद्धानंतर की वेस्टमध्ये भाड्याच्या नौकांचा व्यवसाय भरभराटीला आला. पर्यटकाने सकाळी भाडे भरावे, दिवसभर गळ टाकावा आणि संध्याकाळी धक्क्यावर परतावे, असा क्रम असे. धक्क्यावर नौकेचे नाव रंगविलेली फळी उभी असे. तिच्या खिळ्यांना त्या दिवशीचे निवडक मासे टांगले जात आणि गिऱ्हाइके सहकुटुंब त्यांच्या शेजारी उभी राहत. या छायाचित्राचा उपयोग दुहेरी होता: गिऱ्हाइकाला ती आठवण, आणि नौकेच्या तांडेलाला उद्याच्या गिऱ्हाइकांसाठी फुकटची जाहिरात. साहजिकच चांगले मासे पुढे आणि किरकोळ मासे मागे, किंवा टोपलीत, अशी मांडणी होई.

ही छायाचित्रे कालांतराने तेथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या संग्रहात जमा झाली. लॉरेन मॅक्लेनाहन या संशोधिकेने ती अभ्यासासाठी निवडली. १९५६ ते १९८५ या काळातील जुनी छायाचित्रे आणि २००७ मध्ये की वेस्टच्या धक्क्यांवर टिपलेली नवी छायाचित्रे तिने शेजारी शेजारी ठेवली, माशांच्या जाती ओळखल्या, छायाचित्रांवरून त्यांची लांबी काढली व लांबीवरून वजनाचा अंदाज बांधला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार टांगलेल्या माशाचे सरासरी वजन १९.९ किलोवरून २.३ किलोवर आले होते. १९५६ ते १९६० या वर्षांत फळीवर प्रामुख्याने मोठे ग्रूपर दिसतात. कोकणात ज्याला हेकरू किंवा गोब्रा म्हणतात, त्याच कुळातील हे मासे. त्यांच्या सोबतीला सरासरी दोन मीटरच्या आतबाहेर लांबीच्या मुशी आहेत. २००७ मध्ये त्याच धक्क्यांवर तांबोशीच्या कुळातील लहान मासे टांगलेले आहेत आणि त्यांची सरासरी लांबी ३४.४ सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीहून जरा अधिक, एवढीच आहे. पन्नास वर्षांत मुशीची लांबीही निम्म्याहून खाली आली.

जुन्या छायाचित्रांत मासे शेजारच्या प्रौढ माणसाच्या उंचीशी स्पर्धा करतात. नव्या छायाचित्रांत ते हाताच्या लांबीतही सहज मावतात. मात्र दोन्ही पिढ्यांच्या चेहऱ्यांवरचे समाधान सारखेच आहे. २००७ मधील गिऱ्हाइकाला आपल्या पदरी काही कमी पडले अशी शंकाही आलेली दिसत नाही. या प्रकरणाचे मर्म नेमके येथे आहे.

आधारवर्षाचा प्रश्न

महागाई भत्त्यावर ज्यांचे लक्ष असते अशा नोकरदारांना निर्देशांकाचे आधारवर्ष म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे आधारवर्ष १९६० होते. ते पुढे १९८२, नंतर २००१ आणि त्यानंतर २०१६ असे बदलत गेले. आधारवर्ष बदलले की निर्देशांक पुन्हा शंभरावर येतो. म्हणून जुन्या व नव्या मालिकेला सांधणारा एक गुणक जाहीर केला जातो. २०१६ ची मालिका २००१ च्या मालिकेशी जोडताना हा गुणक २.८८ असा होता. समजा, आधारवर्ष बदलले पण गुणक जाहीर केलाच नाही, तर काय होईल? मधल्या पंधरा वर्षांची सारी भाववाढ कागदावरून नाहीशी होईल आणि शंभराचा आकडा पाहून नवख्या माणसाला सर्व काही स्थिर आहे असे वाटेल.

समुद्राच्या बाबतीत हेच घडत आले आहे. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एका छोट्या लेखात ही गोष्ट निदर्शनास आणून दिली. मत्स्यशास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी आपल्या कारकिर्दीच्या आरंभी समुद्रात जे मासे आढळले तेच नैसर्गिक प्रमाण मानते. पुढील घट त्या प्रमाणावरून मोजते. आणि ती पिढी निवृत्त झाली की नवी पिढी त्या घटलेल्या साठ्यालाच शंभर धरून चालते. आधाररेषेच्या या सरकण्याला त्याने एका विकाराचे नाव दिले. शास्त्रज्ञांची ही कथा, तर आठ दिवसांच्या सुटीवर आलेल्या पर्यटकाची काय कथा सांगावी? त्याचे आधारवर्ष म्हणजे चालू वर्ष. तांडेलाने हातात दिलेला एक फुटाचा मासा त्याच्या दृष्टीने शंभर टक्के मासा असतो, आणि छायाचित्राची भरलेली चौकट त्यावर शिक्कामोर्तब करते.

भाडे तेवढेच

मॅक्लेनाहनच्या अभ्यासातील अर्थशास्त्रीय निष्कर्ष तर आणखी बोलका आहे. मासे इतके घटले, पण त्या घटीचे प्रतिबिंब नौकेच्या भाड्यात पडले नाही. गिऱ्हाईक पूर्वीइतकेच पैसे मोजत होते आणि पूर्वीपेक्षा फार कमी प्रतीची वस्तू घेत होते. टांगलेल्या माशांची संख्या समान धरली तर एका किलोमागे पडणारी किंमत आठपटींहून अधिक झाली, असा याचा हिशेब निघतो. कापडाच्या किंवा धान्याच्या बाजारात अशी गोष्ट घडली असती तर विधिमंडळांत प्रश्न विचारले गेले असते. येथे कोणाला पत्ताही लागला नाही.

बाजारात टंचाई निर्माण झाली की किंमत बोलते, असे पाठ्यपुस्तकात शिकविले जाते. मग येथे किंमत मुकी का राहिली? याची कारणे तीन आहेत. पहिले असे की, गिऱ्हाईक भाडे भरते ते माशाच्या वजनासाठी भरत नाही. एक दिवसाचा समुद्र, थोडी झुंज आणि अखेरीस एक छायाचित्र अशी ती एकत्रित खरेदी असते, आणि छायाचित्र तर त्याला मिळतेच. दुसरे कारण स्मरणाचे. बहुतेक गिऱ्हाइके बाहेरगावची असतात, तेव्हा गेल्या पंचवीस वर्षांशी तुलना करणार कोण? तांडेलाला सारे आठवत असते, परंतु ते बोलून दाखविण्यात त्याचा तोटाच आहे. तिसरे कारण सर्वांत मूलगामी आहे. नौकेचे भाडे ठरते ते इंधन, मजुरी आणि शेजारच्या नौकेशी असलेली स्पर्धा यांवरून. माशांचा साठा कोणाच्याच मालकीचा नसल्यामुळे त्याची झीज कोणाच्याही बिलात येत नाही. स्कॉट गॉर्डन या कॅनडातील अर्थशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मत्स्यव्यवसायाच्या आधारे हे दाखवून दिले होते: सामाईक आणि सर्वांना मोकळ्या असलेल्या साठ्यातून प्रत्येकजण उपसा करीत राहतो, कारण आज आपण सोडलेला मासा उद्या दुसऱ्याच्या गळाला लागणार, हे त्याला ठाऊक असते.

मोठा मासाच टांगावयाचा, या हौसेने ही झीज अधिक तीव्र होते. व्यवहारी भाषेत बोलावयाचे तर मोठे, वयस्क मासे हे समुद्राचे मुद्दल असून लहान मासे हे त्यावरील व्याज होय. थोराड मादी लहान मादीच्या मानाने कितीतरी अधिक अंडी घालते. ग्रूपरच्या अनेक जातींत मासा आयुष्याच्या पूर्वार्धात मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर बनतो. अशा जातींतील सर्वांत मोठे मासे वेचून काढणे म्हणजे नरांचीच वाण पाडणे. की वेस्टच्या अवनतीला प्रवाळखडकांचा ऱ्हास आणि व्यापारी मासेमारी यांचाही हातभार लागला असणार, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि छायाचित्रासाठी नेमके मुद्दल निवडून काढले जात होते, हेही तितकेच खरे. अखेर गोलायथ ग्रूपर या महाकाय जातीच्या मासेमारीवर अमेरिकेत १९९० साली बंदी घालावी लागली. पुढे तेहतीस वर्षांनी, २०२३ मध्ये, फ्लॉरिडाने अत्यंत मर्यादित संख्येत परवाने देण्यास सुरुवात केली.

एक आक्षेप

येथे संख्याशास्त्राचा विद्यार्थी एक रास्त आक्षेप घेईल. छायाचित्रे हा काही यदृच्छेने निवडलेला नमुना नव्हे. चांगल्या दिवसाचेच छायाचित्र निघते. रिकाम्या जाळ्याचे कोणी काढीत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील मुरबे गावच्या एका बोटीला १५७ घोळ मासे मिळाले आणि लिलावात त्यांना सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये आले, तेव्हा त्या माशांची छायाचित्रे देशभर झळकली. ती पाहून घोळ मुबलक आहे असा निष्कर्ष कोणी काढला तर तो साफ चुकेल. टंचाईच्या वस्तूलाच असा भाव येतो. त्याच किनाऱ्यावरून त्याच आठवड्यात निघालेल्या इतर बोटींना काय मिळाले, हे त्या छायाचित्रांत कोठेच नव्हते.

आक्षेप खरा आहे; मात्र की वेस्टच्या निष्कर्षाला त्याने बाधा येत नाही. उलट तो अधिकच बळकट होतो. १९५६ मध्ये फळीवर निवडक मासे टांगले जात आणि २००७ मध्येही निवडकच. दोन्ही वेळी निवड करणाऱ्याचा हेतू एकच: गिऱ्हाईक खूश व्हावे आणि धक्क्यावरून जाणाऱ्याने थबकून पाहावे. म्हणजे तुलना होते ती उत्तमाची उत्तमाशी. त्या काळचे उत्तम आणि या काळचे उत्तम यांत जर एवढे अंतर असेल, तर न टांगलेल्या माशांच्या स्थितीबद्दल आशादायक अनुमान करण्यास जागा उरत नाही. फुशारकीसाठी केलेल्या मांडणीचा हा एक अनपेक्षित गुण म्हणावा लागेल. ती मांडणी वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने होत राहिली, आणि तिच्या नकळत एक कालमालिका तयार झाली. एखाद्या सरकारी खात्याने ती जाणूनबुजून ठेवली असती तर आज तिचे कौतुक झाले असते.

कावेरीचा महसीर

भारतातही या कथेला समांतर अशी एक कथा घडली आहे, आणि तिचा एक धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. दक्षिणेतील कावेरी नदीच्या खोऱ्यात महसीर या माशाची एक पाठीवर उंचवटा असलेली जात राहते. गळाने मासेमारी करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना तिचे विलक्षण आकर्षण होते. हेन्री सुलिव्हन टॉमस यांचा भारतातील गळमासेमारीवरील ग्रंथ १८७३ मध्ये निघाला, तेव्हापासून महसीर हा हौशी लोकांच्या साहित्याचा नायक आहे. १९४६ साली कावेरीची उपनदी कबिनी येथे १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो वजनाचा महसीर पकडला गेला. हा विक्रम ज्यांच्या नावावर आहे ते व्हॅन इंगन हे म्हैसूरच्या प्रसिद्ध घराण्यातील. या घराण्याचा व्यवसायच मुळी संस्थानिकांनी मारलेल्या वाघांत पेंढा भरून देण्याचा होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश हौशी मच्छीमारांनी कावेरीची वाट पुन्हा धरली. या खेपेस पद्धत सुधारली होती. मासा पकडावयाचा, छायाचित्र काढावयाचे आणि त्याला जिवंत नदीत सोडावयाचे. विजयचिन्ह म्हणून केवळ छायाचित्रच उरले.

येवढी छायाचित्रे निघाली, येवढे लेखन झाले, पण या माशाला शास्त्रीय नाव कोणते, हे मात्र निश्चित नव्हते. ज्याला हातात घेऊन शेकडो लोकांनी छायाचित्रे काढली, तो मासा शास्त्राच्या दप्तरी जवळजवळ बेपत्ता होता. २०१८ मध्ये संशोधकांनी 'टॉर रेमादेवी' हे त्याचे नाव निश्चित केले, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. नाव नक्की झाले त्या वर्षीच धोक्याची घंटा वाजावी, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

हे संकट आले कसे? वाळूचा उपसा, धरणे आणि सुरुंगाने होणारी मासेमारी ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास सुरू झाली आणि तेथील बीज अनेक राज्यांना देण्यात आले. हेतू निःसंशय चांगला होता. मात्र ते बीज होते निळसर परांच्या महसीरचे, म्हणजे महाराष्ट्रातील नद्यांच्या खुद्रीचे. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनचे सर्वेक्षण केलेल्या कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये जिचे वर्णन पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून प्रसिद्ध केले, तीच ही जात. ती कावेरीत फोफावली आणि मूळच्या उंचवट्याच्या महसीरची जागा तिने घेतली.

छायाचित्रात दोन्ही महसीरच. पाहणाऱ्याला मासा दिसत होता, नदी भरलेली वाटत होती. बदल उघडकीस आला तो गॅलिबोर येथील मासेमारी तळाच्या नोंदवह्यांमुळे. तेथे १९९८ ते २०१२ या काळात किती तास गळ टाकला, किती मासे लागले, त्यांचे वजन किती आणि जात कोणती, हे रोजच्या रोज लिहिलेले होते. सहा हजारांहून अधिक महसीरांच्या या नोंदी अभ्यासून २०१५ मध्ये संशोधकांनी दाखविले की माशांची संख्या वाढत असली तरी सरासरी वजन घटत होते, आणि मूळची जात झपाट्याने दिसेनाशी होत होती. कॅमेऱ्याने जे झाकले ते वहीने उघड केले.

मापाची सवय

यावरून छायाचित्रे काढूच नयेत असा निष्कर्ष काढणे अतिरेकाचे ठरेल. माणसाच्या मिरविण्याच्या इच्छेला कायद्याने बंदी घालता येत नाही. तिला वळण मात्र लावता येते. आंतरराष्ट्रीय गळमासेमारी संघटना १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झाली, तेव्हापासून विक्रमांची नोंद वजनावर होत आली आहे. १९५३ साली पेरूच्या किनाऱ्यावर आल्फ्रेड ग्लॅसेल याने पकडलेल्या १,५६० पौंडांच्या काळ्या मार्लिनचा विक्रम याच पद्धतीने नोंदला गेला. एवढा मासा तोलावयाचा म्हणजे त्याला धक्क्यावर आणून टांगणे आलेच. २०११ मध्ये या संघटनेने लांबीच्या विक्रमांचा वेगळा वर्ग सुरू केला. त्यात मासा अधिकृत मापपट्टीवर ठेवून छायाचित्र काढावे लागते आणि त्यानंतर त्याला जिवंत सोडावे लागते. नियम बदलला तसे छायाचित्रही बदलले. त्यात आता फुशारकी आहे, पण सोबत पट्टीही आहे.

महाराष्ट्रातही मापाची ही दृष्टी उशिरा का होईना, आली आहे. २०२३ मध्ये राज्य शासनाने पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी समुद्रातील ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. ही मर्यादा पाळली जाणे अत्यावश्यक आहे, कारण हौशी गिऱ्हाइकाचे चित्र बिघडते एवढ्यावरच येथे प्रश्न थांबत नाही. मासा लहान झाला की कोळ्याचा संसार लहान होतो. तरीही किमान लांबीने केवळ खालची सीमा आखली जाते. पन्नास वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर पापलेट केवढा येत असे, याचे उत्तर नियमपुस्तिकेत मिळत नाही.

ते उत्तर अन्यत्र शोधावे लागेल. कोळीवाड्यांतील घरांत, मच्छीमार सहकारी संस्थांच्या कचेऱ्यांत, जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहांत आणि किनाऱ्यावरील छायाचित्रकारांच्या दुकानांत माशांसोबत काढलेली जी जुनी छायाचित्रे असतील, ती अजून गोळा करता येण्यासारखी आहेत. ज्यांनी ते मासे पकडले ती वृद्ध मंडळी सांगावयास आहेत, तोवरच छायाचित्रावर स्थळ, साल आणि जात लिहून घेता येईल. किनारपट्टीवरील महाविद्यालयांनी आणि शाळांनी हे काम विद्यार्थ्यांकडे सोपविले, तर अर्थशास्त्र, प्राणिशास्त्र आणि स्थानिक इतिहास या तिन्ही विषयांना त्याचा उपयोग होईल. खर्च म्हणावा तर एका वहीचा. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तेव्हा नवे छायाचित्र काढताना माशाशेजारी एक पट्टी ठेवणे आणि खाली तारीख लिहिणे एवढीच शिस्त पुरेशी आहे.

हेमिंग्वेची म्हाताऱ्या कोळ्याची कादंबरी पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादामुळे मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. त्या कथेत किनाऱ्यावर मासा पोहोचत नाही, केवळ त्याचा सांगाडा पोहोचतो. छायाचित्र काढण्यासारखे तेथे काही उरलेले नसते. तरीही गावातला एक कोळी दोरी घेऊन त्या सांगाड्याचे माप घेतो, आणि ते अठरा फूट भरते. म्हाताऱ्याचा पराक्रम गावाला कळतो तो त्या मापाने. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एकेकाळी काय होते, हे पुढच्या पिढीला कळावयाचे असेल तर ते माप आजच्या पिढीने लिहून ठेवले पाहिजे. तसे झाले नाही तर वीतभर माशाचे छायाचित्र काढून ती पिढीही तेवढीच संतुष्ट राहील, आणि तिला दोष देण्याचा अधिकार आजच्या पिढीला असणार नाही.